डाकूची अक्षरं

दिल्लीच्या लोधी कॉलनीतल्या एका भिंतीवर २०१६ साली डाकू नावाच्या कलाकाराने काही इंग्रजी शब्द बसवले. ते रंगवलेले नव्हते. भिंतीतून काटकोनात बाहेर आलेली पातळ अक्षरं होती ती, खालून नुसतं बघणाऱ्याला पटकन कळणारही नाहीत अशी. ऊन भिंतीवर उतरलं की प्रत्येक अक्षराची सावली पडे आणि त्या सावल्यांमधून शब्द उमटत. सूर्य सरकेल तसे ते तिरके होत, लांबत, पुसट होत. संध्याकाळी भिंत पुन्हा कोरी. कृतीचं नाव होतं ‘टाइम चेंजेस एव्हरीथिंग’, काळ सगळं बदलतो. काळ काय काय बदलतो याचीच ती यादी होती आणि ती वाचून दाखवायचं काम सूर्याकडे सोपवलं होतं.

ज्याने हे केलं त्याची सुरुवात मात्र रात्रीच्या अंधारात, विनापरवाना, स्प्रेच्या डब्याने झाली होती. २००८ च्या सुमारास दिल्लीच्या भिंतींवर, उड्डाणपुलांखाली, बंद शटरवर एकच शब्द दिसायला लागला: डाकू. चेहरा नाही, पत्ता नाही, खरं नाव नाही. पुढे काही वर्षांत वर्तमानपत्रांनी इंग्लंडच्या अनामिक भित्तिचित्रकारावरून त्याला ‘भारताचा बँक्सी’ म्हणायला सुरुवात केली, कला महोत्सवांची निमंत्रणं आली, परदेशी नियतकालिकांत त्याच्या भिंतींचे फोटो छापून आले. लपून नाव लिहिणारा हात इतक्या लांब कसा पोचला, हे समजून घ्यायचं तर आधी हे नाव लिहिण्याचं वेड आलं कुठून ते पाहावं लागतं.

न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या आसपास निरोप-पार्सलं पोचवणाऱ्या एका पोराने जाईल तिथे ‘टाकी १८३’ असं लिहून ठेवायला सुरुवात केली. टाकी हे त्याच्या ग्रीक नावाचं लाडकं रूप आणि १८३ हा त्याच्या रस्त्याचा क्रमांक. जुलै १९७१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याच्यावर बातमी छापली आणि शहरभर नावं लिहिणाऱ्या पोरांचं पेवच फुटलं. इतक्या नावांत आपलं उठून दिसावं म्हणून अक्षरं फुगली, एकमेकांत अडकली, त्यांना बाण आणि सावल्या फुटल्या. ग्राफिटी म्हणून जगभर जे पसरलं ते मुळात रोमन अक्षरांचं वळण होतं. पुढे मुंबई-दिल्लीतल्या पोरांनी हे उचललं तेव्हा त्यांनीही रोमन अक्षरंच उचलली. न्यूयॉर्कच्या वळणाची नक्कल वांद्र्याच्या भिंतीवर करण्यात हौस भागते, पण रस्त्याने जाणाऱ्या भाजीवाल्याला त्यात काय लिहिलंय ते वाचता येत नाही.

डाकूने देवनागरी धरली. माझ्या मते त्याच्या यशाचं पहिलं कारण हेच आहे. देवनागरीत ग्राफिटी करणं सोपं नाही. रोमन अक्षर सुटं असतं, ते कसंही वाकवता येतं. आपल्या अक्षरांना वरून शिरोरेषा बांधून ठेवते, आणि वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, खाली उकार अशी दोन्हीकडे वस्ती असते. ‘डाकू’ या शब्दात ड चं वळण, काना, क ची दोन पोटं आणि त्याखाली दीर्घ उकार येतो. तो उकार शेपटासारखा ओढता येतो, शिरोरेषेचं धारदार पातं करता येतं, आणि तरीही शब्द वाचता आला पाहिजे. हा तोल त्याने साधला. रिक्षावाल्यापासून शाळकरी पोरापर्यंत कुणीही ते वाचू शकत होतं, आणि वाचल्यावर हा डाकू कोण असेल असा प्रश्न पडतच होता.

नुसतं नाव लिहून माणूस त्या वर्तुळात प्रसिद्ध होतो, बाहेर नाही. डाकू बाहेर गेला तो रस्त्यावरच्या खुणांशी खेळायला लागल्यावर. दिल्लीतल्या चौकांत ‘स्टॉप’ असं लिहिलेले लाल अष्टकोनी फलक असतात. त्या शब्दाखाली त्याने एकेक शब्द चिकटवला: कुठे हॉर्न वाजवणं, कुठे लाच देणं, कुठे बलात्कार. फलक सरकारी, त्याचा हुकूमही सरकारी, फक्त काय थांबवायचं ते एका अनोळखी माणसाने पुरं केलं होतं. निवडणुकीच्या काळात त्याने शाई लावलेलं मधलं बोट रंगवलं आणि शेजारी हिंदीत लिहिलं, ‘मत दो’. मत द्या असंही वाचता येतं आणि देऊ नका असंही. मोबाइलमध्ये कॅमेरा आणि इंटरनेट दोन्ही आले होते तो हा काळ. सफाई कर्मचारी सकाळी येऊन पुसेपर्यंत फोटो शेकडो मैल पोचलेला असे. रस्त्यावरच्या कलेची प्रसिद्धी भिंतीमुळे होते त्याहून जास्त त्या फोटोमुळे होते. भिंत एका गल्लीची, फोटो सगळ्यांचा.

जगात या मार्गाने सर्वांत उंच गेलेला माणूस बँक्सी. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात १९९० च्या दशकात त्याने सुरुवात केली. त्यानेच लिहून ठेवलंय की अठरा वर्षांचा असताना रेल्वेगाडी रंगवताना पोलीस आले, साथीदार पळाले आणि तो एका मालट्रकखाली लपून राहिला. वरून तेल ठिबकत होतं. डोळ्यांसमोर इंधनाच्या टाकीवर छाप्याने, म्हणजे स्टेन्सिलने, मारलेली अक्षरं होती. ती बघताना त्याच्या लक्षात आलं की आपल्याला वेळ फार लागतो, तो निम्म्यावर आणायचा तर छापा वापरला पाहिजे.

छापा आपल्याकडे अनोळखी नाही. सोयाबीनच्या पोत्यांवर मार्का मारतात, घरांवर ग्रामपंचायत क्रमांक टाकते, तो हाच कापलेला पत्रा. यातली मेख कारागिराला माहीत असते. ‘व’ किंवा ‘ठ’ कापायला गेलं तर अक्षराच्या पोटातला तुकडा सुटून खाली पडतो. तो धरून ठेवायला मध्ये बारीक पट्ट्या सोडाव्या लागतात. छाप्याच्या अक्षराला जागोजाग तुटकपणा दिसतो तो त्यामुळे. खरी मेहनत घरी, पुठ्ठा कापताना होते. भिंतीसमोर उभं राहायचं ते मिनिटभर. ज्याला पकडलं जायचं नाही त्याच्यासाठी यासारखं दुसरं तंत्र नाही.

पकडलं जाणं ही खरी भीती होती. दिल्लीत २००७ चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायदा आहे. परवानगीशिवाय सार्वजनिक जागी लिहिलं, रंगवलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. महाराष्ट्रातही १९९५ चा असाच कायदा आहे. टोपणनावाचा उगम आधी इथे शोधायचा. पण कायद्याच्या भीतीने घेतलेलं टोपणनाव परवानगी मिळाल्यावर गळून पडायला हवं होतं. डाकूचं तसं झालं नाही. २०१४ मध्ये स्टार्ट इंडिया फाउंडेशन ही संस्था उभी राहिली, दिल्ली, मुंबई, हैदराबाद अशा शहरांत महापालिका आणि सरकारी खात्यांची परवानगी घेऊन भिंती रंगवल्या जाऊ लागल्या. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनजवळच्या एमटीएनएलच्या इमारतीवर दादासाहेब फाळके उमटले, चर्चगेट स्टेशनवर गांधीजी आले. लोधी कॉलनी ही इंग्रजांनी १९४० च्या दशकात सरकारी नोकरांसाठी बांधलेली वसाहत; तिच्या भिंती तर एकामागून एक रंगल्या. आता डाकूला लपायचं कारण उरलं नव्हतं. तरी त्याने वर्षानुवर्षं चेहरा समोर आणला नाही.

याचं उत्तर मला अनामिकपणाच्या परिणामात दिसतं. भिंतीवर नाव-गाव नसलं की बघणारा थेट चित्राशी बोलतो. चित्रकार कोणत्या जातीचा, कोणत्या पक्षाचा, किती शिकलेला, हे प्रश्न विचारायला समोर माणूसच नसतो. आपल्या समाजात तर हे फार मोलाचं आहे, कारण आपण आडनाव ऐकल्याशिवाय कुणाचं म्हणणं ऐकत नाही. ‘लाच देणं थांबवा’ हे वाक्य एखाद्या पुढाऱ्याच्या फोटोखाली वाचलं तर आपण पुढाऱ्याबद्दल बोलतो. अनोळखी हाताने लिहिलेलं वाचलं तर लाचेबद्दल बोलतो.

डाकू एकटा नव्हता. कोचीत ‘गेस हू’ या नावाने कुणीतरी पाश्चात्त्य जगातले प्रसिद्ध चेहरे मल्याळी वेशात छाप्याने भिंतींवर उतरवत होतं आणि कोची बिएनाले या कला प्रदर्शनाला आलेले पाहुणे ते शोधत गल्ल्या पालथ्या घालत होते. मुंबईत ‘टायलर’ या टोपणनावाची राजकीय चित्रं गाजली. मुंबईचा दुसरा एक रस्ता उजेडातलाही आहे: १५ ऑगस्ट २००९ रोजी तुळशी पाइप रोडची लांबलचक भिंत महापालिकेच्या संमतीने शेकडो सामान्य मुंबईकरांनी रंगवली.

अनामिकपणाची किंमतही मोजावी लागते, आणि ती बँक्सीने मोजली आहे. फुलांचा गुच्छ फेकणाऱ्या तोंड झाकलेल्या तरुणाचं त्याचं चित्र एका शुभेच्छापत्रं छापणाऱ्या कंपनीने वापरलं. बँक्सीच्या बाजूने व्यापारचिन्हाचा आधार घेतला गेला. २०२० मध्ये युरोपीय संघाच्या संबंधित कार्यालयाने ते व्यापारचिन्हच रद्द केलं. चिन्ह वापरायचा खरा हेतू नव्हता हे मुख्य कारण, पण जो आपली ओळख सांगत नाही तो या चित्रांचा निर्विवाद मालक आहे हे ठरवायचं कसं, हा मुद्दाही त्या निर्णयात आला. आपल्याकडचा १९५७ चा कॉपीराइट कायदा या बाबतीत जरा मोकळा आहे. अनामिक किंवा टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या कृतीलाही तो प्रकाशनापासून ६० वर्षं संरक्षण देतो. मुंबईतल्या ‘ह्युमॅनिटी’ नावाच्या भित्तिचित्राचा एका विमा कंपनीने २०२३ मध्ये आपल्या जाहिरातीत वापर केला तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने ती जाहिरात काढायला लावली. रस्त्यावर आहे म्हणून चित्र कुणाचंही, असा समज धरून चालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

मुख्य प्रवाह म्हणजे काय, तर शेवटी बाजार. आणि बाजाराला भिंत उचलता येत नाही ही त्याची अडचण असते. त्याने त्यावर उपाय शोधला: भिंतच कापायची. लंडनच्या वुड ग्रीन भागात एका स्वस्त मालाच्या दुकानाच्या भिंतीवर २०१२ मध्ये बँक्सीने शिवणयंत्रावर बसून ब्रिटिश झेंड्यांची माळ शिवणारा मुलगा काढला. बालमजुरीवरचं ते चित्र. पुढच्या वर्षी भिंतीचा तेवढा भाग कापून काढला गेला आणि अमेरिकेत मायामीच्या लिलावात दिसला. वुड ग्रीनच्या रहिवाशांनी आरडाओरडा केल्यावर तिथून तो मागे घेतला, पण काही महिन्यांत लंडनमध्येच साडेसात लाख पौंडांहून जास्त किमतीला विकला गेला. ज्या गल्लीसाठी चित्र काढलं त्या गल्लीत उरलं ते गिलावा केलेलं भगदाड.

ऑक्टोबर २०१८ मध्ये बँक्सीने बाजाराला उत्तर दिलं. फुग्याकडे हात करणाऱ्या मुलीचं त्याचं चित्र सदबीज या लिलावगृहात दहा लाख पौंडांच्या वर गेलं, हातोडा पडला आणि चौकटीत दडवलेल्या यंत्राने चित्राच्या खालच्या अर्ध्या भागाच्या पट्ट्या केल्या. बाजार त्याच्याही पुढचा निघाला. त्या फाटक्या चित्राला नवं नाव मिळालं आणि तीन वर्षांनी ते १ कोटी ८५ लाख पौंडांहून जास्त किमतीला गेलं. यापेक्षा मला त्याचा २०१३ चा न्यूयॉर्कचा प्रयोग जास्त बोलका वाटतो. सेंट्रल पार्कजवळ एका वृद्ध गृहस्थाला पथारी मांडून बसवलं आणि बँक्सीची अस्सल चित्रं ६० डॉलरला एक अशी विकायला ठेवली. सही-शिक्क्याचा गाजावाजा केला नाही. दिवसभरात गल्ला जमला ४२० डॉलर. एका बाईने तर घासाघीस करून निम्म्या किमतीत घेतली. चित्रं तीच, हात तोच. लोकांना फक्त नाव माहीत नव्हतं.

भिंतीवरून बाजारात जाण्याची ही वाट महाराष्ट्राने बँक्सीच्या कितीतरी आधी पाहिली आहे, आणि ती दाखवणारा माणूसही मराठी होता. भास्कर कुलकर्णी. १९६६ च्या दुष्काळात त्यांना बिहारच्या मिथिलेत पाठवलं गेलं, तिथल्या बायका घराच्या भिंतींवर काढत ती चित्रं कागदावर उतरवायला लावण्यासाठी. चित्र विकलं गेलं तर चूल पेटेल, हा हिशोब. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते आपल्याकडच्या वारली पाड्यांवर आले. वारली घरात लग्नाचा चौक गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहितात, बांबूच्या काडीचं टोक ठेचून त्याचा कुंचला करतात. हे लिहायचा मान सवाष्णींचा. खाली कुणाचं नाव नसे, लग्न झालं की काही दिवसांत चौक पुसट होई. कुलकर्णींना तिथे जिव्या सोमा म्हसे भेटले. लहानपणी आई गेल्यावर ते बोलेनासे झाले होते आणि धुळीत चित्रं काढत. त्यांनी कागद हाती घेतला, १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले तेव्हा वारली चित्र साडीपासून विमानतळापर्यंत पोचलं होतं. म्हसे यांचं नाव झालं हे योग्यच झालं. पण ज्या सवाष्णींच्या हातून हे शतकानुशतकं वाहत आलं त्यांच्यातल्या एकीचंही नाव आपल्याला सांगता येत नाही, याची बोच मला आहे. त्यांनी नाव लपवलं नव्हतं. ते कुणी विचारलंच नाही.

अनामिक राहणं आणि अनामिक ठेवलं जाणं यातला हा फरक अजिंठ्यात अगदी डोळ्यांनी दिसतो. आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या सीमेपासून अजिंठा काही लांब नाही. तिथली चित्रं काढणाऱ्यांपैकी कुणाची सही भिंतीवर नाही. मात्र दहाव्या लेण्यात एका खांबावर, जुन्या चित्रावरच खरडलेलं एक नाव आहे: जॉन स्मिथ, २८ एप्रिल १८१९. शिकारीला आलेला हा इंग्रज अधिकारी. त्या वेळी लेण्यात दगडमातीचा थर साचलेला होता, त्यावर उभं राहून त्याने खरडलं, म्हणून आज ते आपल्या डोक्याच्या वर दिसतं. ज्यांनी बोधिसत्त्व रंगवला ते अज्ञात आणि ज्याने तो खरवडला तो नावानिशी ठाऊक.

आता पुन्हा डाकूच्या सावल्यांकडे येऊ, कारण या सगळ्या पेचातून त्याने काढलेली वाट मला सर्वांत शहाणपणाची वाटते. चित्र कापून नेता येतं, सावली नेता येत नाही. ती त्या भिंतीची, त्या दिशेची, त्या तासाची असते. भिंतीत बसवलेलं अक्षर कुणी उपटून नेलं तरी त्याच्या दिवाणखान्यात ते नुसता तुकडा असेल. त्याला वाचायला दिल्लीचं ऊन लागतं. आणि ते ऊनही रोज सारखं नसतं. दिल्लीत जूनच्या अखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ८५ अंशांवर असतो, डिसेंबरात सुमारे ३८ अंशांवरच. उन्हाळ्यात सावली भिंतीला घासून सरळ खाली उतरते आणि लांब ओघळते, हिवाळ्यात आखूड राहते. दर तासाला सूर्य १५ अंश सरकतो, त्यामुळे सकाळचा शब्द आणि दुपारचा शब्द यांचं वळणच वेगळं. हे आधी मोजून, भिंतीची दिशा बघून, अक्षराची रुंदी ठरवून मगच बसवावं लागतं. शून्य सावलीच्या दिवसाचा प्रयोग ज्यांनी शाळेच्या मैदानात काठी रोवून केला असेल त्यांना हे लगेच समजेल. आपल्या जानेफळ-मेहकर पट्ट्यात मे महिन्याच्या विसाव्या तारखेनंतर एकदा आणि जुलैत पुन्हा एकदा, तेव्हा जाडसर ढग नसले तर, उभ्या काठीची सावली पायाशीच गडप होते. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला, तिथे हा दिवस कधीच येत नाही.

गोव्यात पणजीला सेरेंडिपिटी कला महोत्सवात त्याने हाच विचार भिंतीवरून रस्त्यावर आणला. रस्त्याच्या वर आडवी अक्षरं टांगली आणि त्यांच्या सावल्यांचं काळाविषयीचं टिपण डांबरावर पडलं. माणसं, दुचाक्या त्या वाक्यांवरून जात होत्या. जाणाऱ्याच्या पाठीवर, गाडीच्या टपावर अक्षरं क्षणभर चढत आणि परत रस्त्यावर उतरत. ज्या माणसाने सुरुवात दुसऱ्याच्या भिंतीवर आपलं नाव लिहून केली, तो इथपर्यंत आला की भिंतही लागेना आणि रंगही.

हे मी जानेफळमध्ये बसून लिहितो आहे, आणि खामगाव-मेहकर रस्त्यावरच्या भिंती समोर आहेत. बियाणं, सिमेंट, ठिबक, कोचिंग क्लास, स्वच्छतेच्या घोषणा. निळीत बुडवलेली दोरी ताणून सोडायची, सरळ रेघ उमटते, तिला शिरोरेषा धरून अक्षरं टांगायची. असं लिहिणारे पेंटर प्रत्येक तालुक्यात होते. डिजिटल फ्लेक्सने त्यांचं काम खाल्लं. टायपोग्राफीत रमलेले दिल्लीचे कलाकार हनीफ कुरेशी यांनी ‘हँडपेंटेड टाइप’ या प्रकल्पातून अशा पेंटरांची अक्षरं गोळा करून त्यांचे संगणकावर वापरता येतील असे फॉन्ट बनवले, आणि फॉन्टला त्या पेंटरचंच नाव दिलं. स्टार्ट इंडियाच्या संस्थापकांपैकी ते एक. २०२४ मध्ये अवघ्या चाळिशीत ते गेले.

तेव्हा ग्रामपंचायत, शाळा, पतसंस्था, मंदिराची समिती, जे कुणी यंदा भिंत रंगवायला काढणार असतील त्यांना एक विनंती. भिंत ज्याची आहे त्याची लेखी संमती घ्या. फ्लेक्सऐवजी हाताने लिहिणारा पेंटर बोलवा आणि अक्षरं त्याला त्याच्या वळणाने लिहू द्या. काम झाल्यावर खाली कोपऱ्यात नाव घालायचं का, हे त्याला विचारा. तो हो म्हणाला तर जागा ठेवा, नको म्हणाला तर तसं असू द्या. आणि भिंतीवर पुन्हा चुना मारायच्या आधी तिचा एक नीट फोटो काढून ठेवा.